‘सारे जग पिते’ या पूर्वपक्षाचा विचार

गेल्या माघात एका गावी अखंड हरिनाम सप्ताहाची सांगता होती. काल्याचे कीर्तन झाले, पंगती उठल्या, आणि आम्ही मंडपात खांबाला टेकून बसलो असता एक तरुण नमस्कार करून जवळ येऊन बसला. शिकलेला, शहरात चांगल्या नोकरीवर असलेला, आईवडिलांच्या शब्दाखातर सप्ताहाला आलेला. बोलण्यात अदब होती. म्हणाला, “बुवा, राग मानू नका, एक विचारतो. कीर्तनात तुम्ही दारूला नावे ठेवलीत. पण सारे जग पिते. जे देश पुढे गेले ते सगळे पितात. आमच्या ऑफिसात पार्टी असली की न पिणारा मी एकटाच कोपऱ्यात उभा. आपण मागासलेले म्हणून पीत नाही, असे तर नाही ना?”

आम्ही उत्तर दिले, “बाळा, ते पाप आहे.” तो “हो बुवा” म्हणाला, पुन्हा नमस्कार केला आणि निघून गेला.

वाचकहो, आमचे उत्तर खोटे नव्हते. पण ते त्याच्या प्रश्नाला लागत नव्हते. त्याने विचारले जगाविषयी, आम्ही सांगितले शास्त्राविषयी. पाठशाळेत आमचे गुरुजी म्हणत, ज्याला पूर्वपक्ष नीट मांडता येत नाही त्याने सिद्धान्ताला हात घालू नये. घरी परतल्यावर ते वाक्य आम्हांला झोपू देईना. मग नातवाला शेजारी बसवले, जगाचे आकडे काढले, निरनिराळ्या देशांचा इतिहास वाचला, आणि त्या तरुणाला तेव्हा द्यावयाचे होते ते उत्तर आता येथे मांडीत आहोत.

पूर्वपक्ष

त्या तरुणाच्या बोलण्यात तीन विधाने आहेत. पहिले, सारे जग पिते. दुसरे, पुढारलेले देश पितात आणि त्याचे त्यांना काही वाटत नाही. तिसरे त्याने उच्चारले नाही, पण पार्टीच्या गोष्टीत ते दडलेले आहे: बेताने घेतली तर काय बिघडते? ही तिन्ही विधाने क्रमाने तपासू.

तत्पूर्वी माप समजून घ्यावे. कोणी बिअर पितो, कोणी व्हिस्की, कोणी द्राक्षाची वाईन. त्यांची बरोबरी कशी करावयाची? यासाठी पेयातला शुद्ध मद्यार्क तेवढा मोजतात. साधारण बिअरमध्ये शंभरात पाच भाग मद्यार्क असतो. म्हणजे वीस लिटर बिअरमध्ये एक लिटर मद्यार्क झाला. आपल्याकडील व्हिस्कीत तो शंभरात जवळजवळ त्रेचाळीस भाग असतो, म्हणून पाऊण लिटरच्या तीन बाटल्यांतच सुमारे तेवढा मद्यार्क येतो. पुढे ‘लिटर’ म्हटले की बहुतेक ठिकाणी हा मद्यार्क समजावा आणि तो वर्षाला दर प्रौढ माणशी धरावा.

पहिले विधान: सारे जग पिते काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली जो अहवाल काढला त्यात २०१६ सालचा हिशेब आहे. पंधरा वर्षांवरील माणसांपैकी शंभरात सत्तावन्न जणांनी मागच्या बारा महिन्यांत दारूचा थेंबही घेतला नव्हता. ही संख्या तीनशे कोटींच्या वर जाते. म्हणजे निम्म्याहून अधिक जग पीत नाही! आपल्या देशाचे पाहू. २०१९ ते २०२१ या काळात जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली तिच्यात पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी शंभरात सुमारे एकोणीस आणि बायकांपैकी सुमारे एक पिणारी आढळली. तेव्हा पार्टीत न पिणारा तरुण कोपऱ्यात एकटा उभा असेल, पण त्या खोलीचे दार उघडून बाहेर आला तर बहुसंख्य त्याच्याच बाजूला उभे आहेत. खोलीला जग समजण्याची ही चूक आहे. कूपमंडूकन्याय आपण खेडुतांना लावतो. तो कधी कधी शहराच्या दिवाणखान्यालाही लागतो.

मात्र आपल्याकडे समाधान मानावे अशी स्थिती नाही. त्याच अहवालाप्रमाणे भारतात २००५ साली २.४ लिटर असलेले प्रमाण २०१६ साली ५.७ लिटर झाले. युरोपखंडात त्याच काळात १२.३ वरून ९.८ वर उतरले. आपण खालून वर चढत आहोत, ते वरून खाली उतरत आहेत. जिन्यावर दोघांची गाठ पडावी आणि चढणाऱ्याने म्हणावे, ‘मी पुढारलेल्यांच्या मागून चाललो आहे’, तसे हे झाले. तसेच आपल्याकडे पिणारे थोडे, पण जे पितात ते बहुधा कडक दारू पितात. म्हणून सरासरी लहान दिसली तरी ज्या घरात ती शिरते त्या घराची राख होते.

दुसरे विधान: पुढारलेल्या देशांना काही वाटत नाही काय?

फ्रान्स देश घ्या. वाईन म्हणजे तिथले पाणी, असे म्हणत. १९६० च्या सुमारास तेथे मद्यार्काचे प्रमाण सुमारे २६ लिटर होते. शाळेत जेवणाच्या वेळी लहान मुलांना वाईन मिळे! वाचताना आमचा विश्वास बसेना. १९५६ साली सरकारने चौदा वर्षांखालील मुलांना शाळेच्या भोजनगृहात दारू देणे बंद केले. मोठ्या मुलांच्या शाळांत ती १९८१ साली बंद झाली. १९५४ मध्ये त्यांच्या प्रधानमंत्र्याने, मेंदेस फ्रान्स त्याचे नाव, दूध पिण्याची मोहीम काढली तेव्हा लोक त्याला हसले. पुढे १९९१ साली तेथील आरोग्यमंत्री एव्हँ याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि चित्रवाणीवर व चित्रपटगृहांत दारूची जाहिरात करण्यास मनाई झाली. आज तेथील प्रमाण त्या २६ लिटरांच्या निम्म्याहूनही खाली आले आहे. दारू तिथे मिळते, तिच्यावर बंदी नाही. पण रोजच्या ताटाशेजारचे तिचे स्थान गेले.

आइसलँड हे उत्तरेचे लहानसे बेट. तेथे १९१५ साली सर्व दारूवर बंदी आली. वाईन व कडक दारू यथाक्रम मोकळ्या झाल्या, पण बिअरवरची बंदी १ मार्च १९८९ पर्यंत टिकली. तरीही १९९८ साली तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना विचारले, तेव्हा शंभरात बेचाळीस जणांनी सांगितले की गेल्या महिन्यात आम्ही झिंगलो होतो. मग त्या लोकांनी काय केले? नुसता दंडुका उगारला नाही. मुलांना खेळ, संगीत, नृत्य यांच्या वर्गांना घातले आणि त्यासाठी घरोघरी पैशाची मदत दिली. हिवाळ्यात रात्री दहानंतर सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांनी मोठ्यांवाचून बाहेर हिंडू नये असा नियम केला. आईबापांनी आपसांत करार केले, की मुलांना जास्त वेळ देऊ आणि एकमेकांच्या मुलांवर लक्ष ठेवू. २०१६ साली तोच प्रश्न विचारला तेव्हा बेचाळीसांच्या जागी पाच उरले होते. अहो, यात नवीन काय आहे? मुलांना टाळ-मृदंग शिकवावा, संध्याकाळी हरिपाठाला बसवावे, गावाने गावच्या लेकरांवर डोळा ठेवावा, हे आपले वाडवडील करीतच होते. आपण ते सोडले, त्यांनी मोजून-मापून धरले.

अमेरिकेतही गॅलप नावाची संस्था १९३९ पासून लोकांना विचारीत आली आहे, की तुम्ही पिता काय. २०२५ साली ‘पितो’ म्हणणारे शंभरात चौपन्न निघाले. इतका कमी आकडा त्यांच्या पाहणीत पूर्वी कधी आला नव्हता. बेताने पिणेही प्रकृतीला वाईट, असे म्हणणारे २०१८ साली शंभरात अठ्ठावीस होते, ते २०२५ साली त्रेपन्न झाले. सात वर्षांत लोकांचे मत असे पालटले.

तिसरे विधान: थोडी घेतली तर?

हे मत कोठून पसरले तेही पाहण्यासारखे आहे. फ्रेंच लोक वाईन पितात आणि त्यांना हृदयविकार कमी होतो, अशी वार्ता १९९१ साली अमेरिकेच्या चित्रवाणीवर झळकली आणि तांबड्या वाईनचा खप एकदम वाढला. पिणारे व न पिणारे यांची तुलना करताना बेताने पिणारे जास्त निरोगी दिसत. पुढे विद्वानांनी त्यातला दोष काढला. ‘न पिणारे’ म्हणून ज्यांना मोजले त्यांत पुष्कळसे असे होते, की पूर्वी पीत होते आणि आजारी पडल्यामुळे सोडले! आजाऱ्यांना एका बाजूला घातले, मग दुसरी बाजू धडधाकट दिसणारच. न्यायशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात. हेतू दिसतो, पण असत नाही.

दारूमुळे माणसांत कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक शाखेने १९८८ सालीच ठरविले. आणि जानेवारी २०२३ मध्ये त्या संघटनेने स्पष्ट सांगितले, की प्रकृतीला निर्धोक म्हणता येईल असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. २०१९ या एका वर्षात जगात दारूपायी सव्वीस लाख माणसे गेली, असा त्यांचाच हिशेब आहे.

तिन्ही विधाने अशी टिकत नाहीत. पण त्या तरुणाच्या जागी एखादा पाठशाळेतला विद्यार्थी असता तर तो येथे थांबला नसता. त्याने विचारले असते, “मग सरकारने सरसकट बंदी का करू नये? एका हुकुमात काम होईल.”

हुकुमाने काय होते आणि काय होत नाही

अमेरिकेने ते करून पाहिले. १७ जानेवारी १९२० रोजी दारूबंदी आली, ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली. आरंभी पिणे खरोखर घटले आणि यकृताच्या रोगाचे मृत्यू उतरले. हे कबूल केले पाहिजे, नाहीतर आपणही अर्धेच सांगणारे ठरू. पण पुढे चोरटे गुत्ते झाले, गुंडांच्या टोळ्या गबर झाल्या, कारखान्यांसाठी असलेला विषारी स्पिरिट पिऊन माणसे मेली, आणि शेवटी बंदी मागणारेच कंटाळले.

रशियात मे १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी मोहीम काढली. उत्पादन घटविले, भाव वाढविले, द्राक्षमळे तोडले. पुरुषांचे सरासरी आयुर्मान १९८४ साली बासष्टच्या आसपास होते, ते तीन वर्षांत पासष्टच्या जवळ गेले. केवढे हे फळ! पण लोक घरी दारू गाळू लागले, बाजारातून साखर नाहीशी झाली, मोहीम ढिली पडली, आणि पुढे राज्यच मोडले. १९९४ साली तेच आयुर्मान अठ्ठावन्नाच्या खाली आले. त्याच देशाने या शतकात दुसरी वाट धरली. व्होडकेला किमान भाव ठरविला, रात्री विक्री बंद केली, आणि पूर्वी खाद्यपदार्थांत मोडणाऱ्या बिअरला २०११ च्या कायद्याने दारूत घातले. २००३ ते २०१६ या काळात तेथील पिणे शंभरात त्रेचाळीस भागांनी घटले आणि पुरुषांचे आयुर्मान २०१८ साली अडुसष्ट झाले.

हुकुमाची सर्वांत जुनी कथा मात्र आपल्याच घरची आहे. महाभारताचे मौसलपर्व उघडावे. शापाची वार्ता कळल्यावर द्वारकेत दवंडी पिटली गेली, की आजपासून कोणी सुरा अथवा आसव करू नये; करील त्याला कुटुंबासह सुळावर चढविले जाईल. दवंडी कोणाच्या नावाने? आहुकाच्या, बभ्रूच्या, श्रीकृष्णाच्या आणि बलरामाच्या. भीतीने सर्वांनी ऐकले. मग यात्रेच्या निमित्ताने यादव प्रभासक्षेत्री गेले. द्वारकेची वेस मागे पडली आणि तेथे पिण्याला ऊत आला. पिणाऱ्यांत बलरामही होता! सात्यकी व कृतवर्मा जुन्या युद्धातली उणीदुणी काढू लागले, शब्दाला शब्द लागला, शस्त्र निघाले, आणि त्या युद्धातून जे वाचले होते ते एकमेकांच्या हातून मेले. प्रत्यक्ष परमात्मा समोर असताना ही गत झाली.

या कथेचे तात्पर्य आम्ही पूर्वी ‘दारू वाईट’ एवढेच सांगत असू. आता दोन गोष्टी अधिक दिसतात. एक, हुकूम वेशीपर्यंत चालतो, मनात शिरत नाही. दुसरी, ज्याच्या नावाने दवंडी त्यानेच पेला उचलला, मग बाकीच्यांनी का थांबावे? आपल्याकडे आषाढी एकादशीला दुकाने बंद असतात, आणि दशमीलाच बाटली घरी आणून ठेवणारे महाभाग आहेत. द्वारका आणि प्रभास आज एकाच गल्लीत नांदतात.

म्हणून कायदा नको, असे आम्ही म्हणत नाही. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात दारूबंदीचे धोरण सांगितलेच आहे. महाराष्ट्रात गावच्या बायकांनी मतदान मागून, ‘आडव्या बाटली’ला बहुमत देऊन दारूची दुकाने बंद पाडली आहेत. हा हुकूम वरून आलेला नसतो. ज्यांनी मार खाल्ला त्यांच्या मनातून निघालेला असतो, म्हणून त्यात जोर असतो. भाव, वेळ, जाहिरात यांवर राज्याने अंकुश ठेवावा आणि प्रतिष्ठा समाजाने काढून घ्यावी. जेथे जेथे पिणे टिकून घटले तेथे ही दोन्ही चाके फिरली आहेत.

आमचा अपराध

येथवर जगाचे सांगितले. आता स्वतःचे सांगितले नाही तर लेखणी अपराधी होईल.

बावीस वर्षे आमच्या मृदंगाला साथ करणारे एक गृहस्थ होते. हात असा, की ठेक्यावर आमचे शब्द आपोआप चालत. ते पितात हे आम्हांला ठाऊक होते. कीर्तनाआधी घेत नसत, म्हणून आम्ही कानाडोळा केला. खरे सांगावयाचे तर इतका चांगला हात गमवावा अशी आमची इच्छा नव्हती. एका मोठ्या सप्ताहात त्यांचा हात दोनदा चुकला. आम्ही उभ्या कीर्तनात त्यावर कोटी केली. मंडप हसला. त्यांची पत्नी बायकांत बसली होती. आरती झाल्यावर त्यांनी मृदंगाला गवसणी घातली, आमच्या पाया पडले, आणि पुन्हा कधी आले नाहीत. तीन वर्षांनी यकृताच्या विकाराने गेले.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा वहिनी एवढेच म्हणाल्या, “बुवा, त्या दिवशीचं तुमचं बोलणं त्यांना लागलं नाही. बावीस वर्षं तुम्ही काहीच बोलला नाहीत, ते लागलं.”

धर्मशास्त्राने सुरापान महापातकांत घातले, हे आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केले. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठ ऋषी वरुणाला सांगतात, की माणूस वाट चुकतो तो स्वतःच्या इच्छेनेच असे नाही. सुरा, क्रोध आणि फासे त्याला ओढतात. त्या सूक्तात पाप कबूल आहे आणि करुणाही आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मदात्यय या नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. म्हणजे वैद्यांनी त्याला रोग मानून औषध सांगितले. स्मृतीने सांगितले, शिवू नकोस. चरकाने सांगितले, शिवून बसलास तर ये, उपाय करू. आम्ही पहिले पाठ केले आणि दुसरे विसरलो. त्या गृहस्थांना कोटीची गरज नव्हती. एकांतात हात धरून वैद्याकडे नेणाऱ्याची होती.

अमेरिकेत १९३५ साली दोन पिणारे माणूस एकत्र आले, एक दलाल आणि एक डॉक्टर, आणि एकमेकांच्या आधाराने त्यांनी दारू सोडली. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना जगभर गेली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण उभे केले. अशा ठिकाणी मुख्य साधन कोणते म्हणाल तर सोबत. आपल्या संप्रदायात तिला सत्संग म्हणतात. गळ्यात तुळशीची माळ पडली की दारू सुटली पाहिजे, हा आपला नियम. पण माळ घालणारे हात पुढेही धरून ठेवावे लागतात, हे आम्ही उशिरा शिकलो.

सिद्धान्त आणि अभ्यास

तेव्हा त्या तरुणाला आमचे उत्तर असे: बाळा, सारे जग पीत नाही. जे पीत होते त्यांतले कित्येक आता पेला खाली ठेवीत आहेत. तू कोपऱ्यात उभा आहेस तो मागे राहिला म्हणून नव्हे. तिथेच उभा राहा. पण जो मधोमध उभा राहून पीत आहे त्याला हसू नकोस. उद्या त्याला कोणाची तरी गरज लागेल, तेव्हा त्याला तुझी आठवण यावी असा वाग.

आणि वाचकांनी महिनाभर तीन गोष्टींचा अभ्यास करावा. पहिली, घरच्या लग्नात, वरातीत, पाहुणचारात दारूला मान देऊ नये. कोणी मागितली तर ‘आमच्याकडे नसते’ एवढेच शांतपणे सांगावे. दुसरी, आपल्या आळीतली मुले संध्याकाळी कोठे असतात ते पाहावे, आणि दोन मुलांना तरी टाळ हाती द्यावा. तिसरी, आपल्या ओळखीत कोणी पिण्यात सापडला असेल तर चारचौघांत त्याची थट्टा करू नये. एकट्याला भेटावे, जवळ बसावे, आणि वैद्याकडे जाताना त्याच्या बरोबर जावे. एकदम सोडल्याने काहींच्या जिवाला अपाय होतो, म्हणून वैद्य हवाच.

पहिल्या दोन गोष्टी सोप्या आहेत. तिसरी आम्हांला बावीस वर्षांत जमली नाही. तुम्हांला ती जमो, एवढेच पांडुरंगाच्या चरणी मागणे. इत्यलम्.